दुखणं अंगावर काढणं



दसरा उलटला की आपल्याकडे दुसरा विषय नसतो. टोळी कधी उतरणार, प्रोग्रॅममध्ये नंबर कितवा, चिटबॉय काय म्हणाला, तुरा यायच्या आत तोड मिळेल की नाही. टोळी फडात उतरली की जिवात जीव येतो. मग आपण कोयते मोजतो. दहा कोयते आले, बारा कोयते आले, आता चार दिवसांत रान मोकळं होईल. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून दोन माणसे. बाईला या मोजणीत वेगळा आकडा नाही. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. तिचं नाव कागदावर शोधायला गेलं तर सापडणं मुश्कील, पण मोळी बांधायला आणि गाडी भरायला ती असतेच.

संपादकांनी स्त्रियांच्या आरोग्यावर लिहा म्हणून कळवले. पालेभाज्या खा, पाणी उकळून प्या, असा लेख सहज लिहिता आला असता. असे लेख पुष्कळ होऊन गेले आहेत आणि त्यात चूक काही नाही. पण साखरेच्या धंद्यात राहून, साखर कारखान्याच्या पत्रिकेत, स्त्रियांच्या आरोग्यावर लिहायचं आणि पिशवी काढण्याचा विषय टाळायचा, हे मला जमणार नाही. विषय संकोचाचा आहे. तरीपण घरातल्या पुरुषमंडळींनीच तो आधी वाचावा अशी माझी विनंती आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातली बातमी देशभर गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांमध्ये गर्भाशय काढून टाकलेल्या बायांचं प्रमाण भलतंच मोठं आहे, अशी ती बातमी. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. हिशेब करा, सहा बायांमागे एक. त्याच्या तीनचार वर्षं आधी, २०१५-१६ मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली होती. तिच्यात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण सबंध देशात शंभरी तीनच्या आसपास होते. बीडच्या या बायांत ते शंभरी सतराच्या जवळ गेले. यातल्या कित्येक बायांनी अजून चाळिशी गाठलेली नव्हती आणि बहुतेक ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत झालेली होती.

बातमी आली तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, अडाणी बाया, डॉक्टरने फसवलं. हे अर्धंच खरं आहे. फसवणारा डॉक्टर तिथपर्यंत नंतर येतो. त्याच्या आधीची वाट आपल्याच फडातून जाते, म्हणून ती नीट समजून घेऊ.

तोडीचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई त्याआधी उठून भाकरी थापते, पोराला दुपट्यात गुंडाळते आणि नवऱ्याबरोबर फडात येते. तो तोडत पुढे जातो. ती वाढे छाटते, ऊस गोळा करते, मोळी बांधते. गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढते. ट्रक रात्री अकराला आला तरी भरायचाच, कारण गव्हाण थांबत नाही. मुक्काम पाचटाच्या कोपीत. संडास नाही, न्हाणीघर नाही, पाणी मिळेल तिथून आणायचं. ऊस दाट असतो तोवर आडोसा असतो. तोड पुढे सरकली की तोही जातो. मग दिवसभर लघवी दाबून ठेवायची, आणि ती लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. पाळीची घडी बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, वाळत घालायला ऊन आहे पण लाज आड येते. ओली घडी तशीच पुन्हा वापरायची. असे पाचसहा महिने, वर्षानुवर्षे. आत जंतू होऊन अंगावर पांढरं जाणं, ओटीपोटात कळा, लघवीला जळजळ, हे सगळं सुरू होतं. यात आश्चर्य काहीच नाही.

यावर औषध आहे, आणि बहुतेक वेळा ते गोळ्यांचं आहे. मग ती दवाखान्यात का जात नाही? तर खाडा. कोयत्याने एक दिवस काम पाडलं तर उचलीतून दंड कापला जातो. बीडच्या बायांनी २०१९ मध्ये हा आकडा दिवसाला ५०० रुपये असा सांगितला होता. बाई आजारी पडली तर बहुधा जोडीचाच खाडा धरतात, कारण कोयता दोघांचा. म्हणजे तिच्या कंबरदुखीचा भुर्दंड नवऱ्यालाही. पाळीच्या चार दिवसांत आराम करायचा म्हटलं तर हंगामात वीस-पंचवीस दिवस जातात. उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामावर जाते. मुकादमाला अशी बाई नको असते. मग बायाच आपापसात बोलतात, ती अमकी पिशवी काढून मोकळी झाली, आता तिला कटकट नाही. दुखणं आणि कर्ज एकाच वेळी संपवायचा रस्ता म्हणून ऑपरेशनकडे पाहिलं जातं.

अशी बाई हंगाम संपवून गावी येते आणि दवाखान्यात जाते, तेव्हा ती आधीच अर्धी तयार असते. उरलेलं काम एक शब्द करतो. सोनोग्राफीचा कागद दाखवून कोणी म्हटलं की पिशवीला सूज आहे, ठेवलीत तर पुढे कॅन्सर होईल, की नवरा-बायको दोघेही गळून जातात. पैसे कुठून आणायचे याला उत्तर तयार असतं, मुकादमाकडून, पुढच्या उचलीत. कर्ज फेडायला पिशवी काढायची, आणि पिशवी काढायला पुन्हा कर्ज.

आता थोडं शरीराविषयी. गर्भाशय म्हणजे मुठीएवढा मांसल अवयव. त्याच्या दोन बाजूंना दोन बीजकोष असतात. लोक या सगळ्याला मिळून पिशवी म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. बीजकोष फक्त बीज तयार करत नाहीत. त्यांतून पाझरणारी संप्रेरकं बाईची हाडं आणि हृदय सांभाळतात. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पस्तिशीच्या बाईला एकदम पन्नाशीचा काळ लागतो. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे धरतात, हाडं ठिसूळ होत जातात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी ते काही बायांत वेळेआधी थकतात. शिवाय एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि आपल्या फडातल्या मोळीचं वजन आपल्याला माहीत आहे. कटकट संपेल म्हणून पिशवी काढलेल्या पुष्कळ बाया नंतर कंबर धरून बसतात, आणि आधीइतकं काम होत नाही असं सांगतात.

याचा अर्थ ऑपरेशन कधीच करू नये असा नाही. गर्भाशयाचा कॅन्सर ठरला असेल, मोठ्या गाठींमुळे रक्त जाऊन बाई पांढरीफटक पडली असेल आणि औषधाने थांबत नसेल, काही वेळा अंग बाहेर येत असेल, तर पिशवी काढावी लागते आणि त्याने जीव वाचतो. पण नुसतं पांढरं जातं किंवा ओटीपोट दुखतं, म्हणून पिशवी काढायची नसते. आधी तपासणी, मग औषध, मग पुन्हा तपासणी. आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय तारीख ठरवायची नाही. बैल घेताना आपण चार जणांना दात दाखवून घेतो की नाही?

कॅन्सरचंच म्हणाल तर त्याचा शोध घ्यायची साधी पद्धत आहे, आणि ती जगाला दाखवून देण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या बायांचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने १,३१,७४६ बायांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची आयुष्यात एकदाच तपासणी करून वेळीच उपचार केले, तर या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असं दिसलं. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायांवर याहून स्वस्त उपाय करून पाहिला. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं तेच पातळ करून कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. हे काम डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केलं. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला आणि गरीब देशांच्या दृष्टीने तो मोठाच ठरला, कारण त्याला ना मोठी प्रयोगशाळा लागते ना महागडं यंत्र. ज्या भागातून कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात हा अभ्यास झालेला होता! मुलींसाठी आता या विषाणूची लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा हे तिचं योग्य वय.

कोणी म्हणेल, ही ऊसतोड बायांची गोष्ट झाली. आमच्या घरच्या बायकांना ना मुकादम, ना उचल. त्यांना काय कमी आहे?

याचं उत्तर मला माझ्या माहेरी मिळतं. मालवण तालुक्यातलं मसुरे हे माझं माहेर. एका बाजूला गडनदी, वर भरतगड, आणि आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा ठाऊक नसेल असा माणूस कोकणात विरळा. आमच्या भागात साखर कारखाना नाही, ऊसतोडीची टोळी नाही. भात, माड, आंबा, आणि घराघरातून मुंबईला गेलेले चाकरमानी. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ बाया निघाल्या, २००१ मध्ये तर १,०७९. हे आकडे वाचून घाटावरच्या मंडळींना वाटतं, काय सुखी जिल्हा! यातली मोठी गोम अशी की पुरुष मुंबईत मोजले गेलेत. शेत, गुरं, म्हातारी माणसं, सगळं बाईवर. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून तरवा लावणाऱ्या, बाळंत होऊन दोन महिने न झालेल्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या. कोणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं, "माका काय धाड भरली हा? होतला बरा." अंगावर जात असेल, अंग बाहेर येत असेल, तर त्याची वाच्यता फार तर जावेकडे. दवाखान्याचं नाव काढलं की "गणपतीक येतीत तेव्हा बघूया." गणपतीला चाकरमानी येतात, घर भरतं, आणि सगळ्यांना वाढता वाढता तिचं दुखणं शिमग्यावर जातं.

मसुऱ्यात खाडा कापणारा कोणी नव्हता. तरी बाई खाडा करत नव्हती. आपल्या घाटावरच्या बागायतदाराच्या घरातही याहून निराळं नाही, हे इतकी वर्षं इथे नांदून मी सांगू शकते. दंड लावायला मुकादमच लागतो असं नाही. घराची रीतही तो लावते. मालकाला ताप आला तर गाडी निघते. बाईच्या कंबरदुखीला आधी हळदीचं दूध, मग शेक, मग देव, आणि मग कधीतरी डॉक्टर. दुखणं अंगावर काढणं हा शब्द आपण पुरुषाविषयी तक्रार म्हणून वापरतो आणि बाईविषयी कौतुक म्हणून.

ही माझ्या मनाची कल्पना नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या बाया त्यांनी घेतल्या नाहीत, गावातल्या सर्वसाधारण बाया घेतल्या. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना एक तरी स्त्रीरोग होता, सरासरीने एकेकीला तीनहून अधिक. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात आठ. जगभरचे डॉक्टर चकित झाले, कारण तोपर्यंत गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब होता. दारात येणारी नर्सबाई मुलं किती हे विचारायची. तुला काय होतं हे विचारायचा रकाना तिच्या वहीतच नव्हता. १९९४ साली कैरोला लोकसंख्येवरची जागतिक परिषद झाली, तिच्यात ही चूक बोलून दाखवली गेली. आपल्या सरकारने १९९६ पासून कुटुंबनियोजनाची टार्गेटं काढून टाकली. वही बदलली. मनं बदलायला वेळ लागतो. २०१९-२१ च्या पाहणीतही देशातल्या शंभरातल्या ३८ विवाहित बाया नसबंदी केलेल्या आढळल्या. पुरुष नसबंदीचा आकडा एकालाही पोचत नाही, जरी पुरुषाचं ऑपरेशन फार सोपं असतं.

"आता मुलं झाली, पिशवीचं काय काम?" हे वाक्य इथून येतं. बाईचं शरीर मुलं होण्यापुरतं, ते काम संपलं की तो भाग काढून टाकायचा. ज्या बीड जिल्ह्यात २०११ साली सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली मोजल्या गेल्या, तिथेच पिशव्याही इतक्या निघाव्यात, याची संगती कोणालाही लागेल.

सरकार आणि कोर्टाने काही पावलं टाकली आहेत. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याचा निकाल ५ एप्रिल २०२३ ला लागला. अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगण्यात आलं. आपल्या राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे, अशी त्याच्या निधीची योजना. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे यात वर्षाला ५० लाख होतात. पैसा लहान नाही. तो फडापर्यंत पोचतो का, हे विचारायचा हक्क सभासदाला आहे.

कारखाने नेहमी सांगतात, मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत. कायद्याच्या भाषेत ते कसंही असो. उचलीची रक्कम तोडणी-वाहतुकीच्या करारातून जाते, आणि ती कारखान्यामार्फत उभी राहते हे आपण ताळेबंदात वाचतो. आणि कारखाना सहकारी, म्हणजे मालक आपणच. मुकादमाबरोबरच्या करारात दोन ओळी घालायच्या तर त्या आपल्याच सभेत घालता येतात. पाळीचे, बाळंतपणाचे आणि दवाखान्याचे दिवस खाड्यात धरू नयेत, ही पहिली ओळ. बाईचं नाव, वय आणि तिच्या वाट्याची मजुरी नवऱ्याच्या शेजारी लिहावी, ही दुसरी.

तळावर पाण्याची टाकी, फिरते संडास, दारं असलेली न्हाणीघरं, हे काही डिस्टिलरी काढण्याइतकं अवघड नाही. हंगामात पंधरवड्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राची नर्स आणि एक स्त्री डॉक्टर तळावर यावी. दिवस मात्र गव्हाण बंद असेल तो धरावा. कामाचा दिवस धरला तर एकही बाई येणार नाही, हे आताच सांगून ठेवते. आणि त्याच दिवशी सभासदांच्या घरच्या बायकांनीही तपासून घ्यावं. एकत्र रांगेत उभं राहायला कमीपणा वाटत असेल तर सकाळ-दुपार वेगळी करा, पण या.

ज्याच्या रानात टोळी उतरली आहे त्याला तर सभेपर्यंत थांबायचंही कारण नाही. बोअरची मोटर तासभर चालू ठेवली आणि बांधाच्या कडेला चार बांबू ठोकून खताच्या रिकाम्या पोत्यांचा आडोसा केला, तर फड संपेपर्यंत दहा-बारा बायांची सोय होते. पोती आपल्याकडे पडूनच असतात.

करारातल्या ओळींचा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यायचा असेल तर तो लेखी, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांनिशी, मुदतीच्या आत ऑफिसात पोचला पाहिजे. ज्या घरात शेअर बाईच्या नावावर आहे तिथे सूचक म्हणून तिचीच सही घ्यावी, आणि सभेला तिलाच पाठवावे.